विरजणाविना सायडर

सफरचंदाचा ताजा रस भांड्यात भरून ठेवला, की काही दिवसांत तो आपण होऊन फसफसू लागतो. बाहेरून काही घालावं लागत नाही. एवढंच ऐकून पुष्कळ जण नैसर्गिक सायडरच्या वाटेला जातात आणि मार्चमध्ये त्यांच्या हाती व्हिनेगर लागतं. ‘यीस्ट घालायचं नाही’ याचा अर्थ त्यांनी ‘काही करायचंच नाही’ असा घेतलेला असतो. दह्याला विरजण लागतं, आंबोळीच्या पिठाला लागत नाही. पण म्हणून आंबोळीचं पीठ कुठल्याही तांदळाचं, कुठल्याही हवेत, कशाही भांड्यात चांगलं येतं का? सायडरचंही तेच. पुडीतलं यीस्ट घालणारा थोडा निष्काळजी राहिला तरी निभावतं, कारण त्याचं यीस्ट नुसत्या संख्येच्या जोरावर बाकीच्या जंतूंना हटवतं. आपल्यापाशी तो जोर नसतो. म्हणून रस आंबायला लागण्यापूर्वीची सगळी कामं आपल्याला अधिक डोळसपणे करावी लागतात. एकदा आंबायला लागला, की मात्र हात मागे घ्यायचा.

आधी कायद्याचं. हा लेख ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे, त्यातही ज्यांना घर घेताना मागच्या अंगणातलं सफरचंदाचं झाडही पदरात पडलं आहे आणि दर ऑक्टोबरला ‘एवढ्या फळांचं करायचं काय’ हा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी. ब्रिटनमध्ये घरच्यापुरती सायडर करायला परवाना लागत नाही. विकायची झाली तर महसूल खात्याकडे जावं लागतं. अमेरिकेत केंद्रीय कायद्याप्रमाणे एकट्या प्रौढ माणसाच्या घरी वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरी २०० गॅलनपर्यंत करता येते; राज्याचे नियम वेगळे पाहावेत. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी अधिनियमामुळे परवान्याशिवाय घरी मद्य करणं हा गुन्हा आहे, मग ते दोन बाटल्या का असेना. तिथल्या वाचकांनी हा लेख माहिती म्हणून वाचावा. आणि केलेली सायडर ऊर्ध्वपातन करून ‘कडक’ करण्याचा विचार कुणीच करू नये. ब्रिटनमध्येही परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, आणि धोक्याचंही.

आता फळ. चांगल्या सायडरला तीन गोष्टी हव्यात: साखर, आंबटपणा आणि तुरटपणा. साखरेचं मद्य होतं, आंबटपणा रस राखतो, आणि तुरटपणामुळे पेयाला अंग येतं. तो नसला तर घोट पाण्यासारखा पातळ वाटतो. ब्रिस्टलजवळच्या लाँग अॅश्टन इथे १९०३ साली सायडरसाठी एक संशोधन संस्था उभी राहिली. तिथे सायडरच्या सफरचंदांचे चार गट पाडले गेले: गोड, आंबट, कडू-गोड आणि कडू-आंबट. आंबटपणाची रेषा ०.४५ टक्के आम्लावर आणि तुरटपणाची ०.२ टक्के टॅनिनवर. संस्था २००३मध्ये बंद झाली, पण सायडरवाले अजून याच भाषेत बोलतात. सॉमरसेटचं किंग्स्टन ब्लॅक कडू-आंबट, डॅबिनेट आणि यार्लिंग्टन मिल कडू-गोड. ही फळं नुसती खाऊन पाहिलीत तर तोंड वाकडं होईल. जीभ कोरडी पडते. त्यांचं सोनं सायडरमध्येच होतं.

तुमच्या अंगणात बहुधा यातलं काही नसणार. तिथे कॉक्स असेल, ब्रॅमली असेल, नाहीतर नाव हरवलेलं एखादं जुनं झाड. चालेल. खायच्या गोड फळांचे दोन भाग आणि ब्रॅमलीसारख्या आंबट फळाचा एक भाग, हे मिश्रण घरच्या सायडरला ठीक जमतं. तुरटपणासाठी रस्त्याकडेची क्रॅब अॅपल मिळाली तर एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत घाला. जुन्या घरगुती कृतींमध्ये तुरटपणासाठी कपभर कडक कोरा चहा ओततात. त्याने थोडं भागतं, पण क्रॅब अॅपलची सर येत नाही. नुसत्या गोड फळांची सायडर करू नका. शिमल्या-काश्मीरकडचं लाल डिलिशस आपल्या ओळखीचं आणि चवीचं, म्हणून दुकानात हात त्याच्याकडेच जातो; पण ते गोड असतं, आंबट फारसं नाही आणि तुरट तर नाहीच. त्याच्या एकट्याच्या रसात नको ते जंतू मजेत वाढतात.

फळ पिकू द्या. झाडावरून सहज सुटतं, बिया पूर्ण तपकिरी झाल्यात, एवढं पाहिलं तरी बरंच समजतं. खात्री हवी असेल तर फळ आडवं कापून त्यावर औषधाच्या दुकानातलं आयोडीन लावा. जिथे निळंकाळं होईल तिथे अजून पिष्ट आहे, म्हणजे त्याची साखर व्हायची आहे. उतरवलेली फळं थंड, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे पसरून ठेवली तर उरलंसुरलं पिष्टही साखरेत उतरतं. अंगठा दाबल्यावर किंचित रुतला, की फळ गाळायला तयार झालं. घाई करणाऱ्यांची सायडर इथेच फिकी पडते. सप्टेंबरातल्या लवकरच्या फळांपेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरातली उशिराची फळं दर वेळी सरस, असं माझं मत आहे. एक तर त्यांत साखर जास्त, आणि दुसरं म्हणजे तोवर हवाही गार झालेली असते.

मार लागलेलं, डागाळलेलं फळ चालतं. सडलेलं चालत नाही. निळसर बुरशी आलेल्या सफरचंदात पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं, आणि सडका भाग कापून टाकला तरी ते आजूबाजूच्या गरात उतरलेलं असू शकतं. असं फळ सरळ खतात टाका. ज्या बागेत मेंढ्या-गुरं चरतात तिथली खाली पडलेली फळंही घेऊ नका, कारण शेणातले जंतू रसात येतात. गाळल्याबरोबर पेलाभर कच्चा रस लहान मुलांना किंवा गरोदर बाईला देण्याचा मोह होतो, तोही टाळावा. द्यायचाच तर उकळून द्या.

फळं साध्या थंड पाण्यात दोनदा धुवा. धुतल्याने रानयीस्ट निघून जाईल ही भीती बाळगू नका. सायडर शेवटाला नेणारं यीस्ट सालीवर मुळातच फार थोडं असतं. जुन्या सायडरघरांत ते चरकाच्या लाकडात, कापडांत, भिंतींवर वर्षानुवर्षं वस्ती करून असतं, आणि म्हणूनच तिथला रस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळतो. तुमचं सगळं सामान नवं कोरं, त्यामुळे पहिल्या वर्षी रस आठवडा-दीड आठवडा गप्प बसला तर घाबरायचं कारण नाही.

साधारण आठ-नऊ किलो फळांतून साडेचार लिटरचा एक डेमीजॉन, म्हणजे अरुंद तोंडाचा बुधला, भरतो. फळ आधी ठेचायचं, मग दाबायचं. नुसतं कापून चरकात घातलं तर रस निघत नाही, आणि मिक्सरमधून काढलं तर लगदा इतका बारीक होतो की कापडातून रस उतरेनासा होतो. हाताने फिरवायचं ठेचणीयंत्र आणि छोटा स्क्रूचा चरक दोन-तीन घरांनी मिळून घेणं उत्तम. इंग्लंडात १९९०पासून २१ ऑक्टोबरच्या आसपास ‘अॅपल डे’ साजरा होतो. त्या दिवसांत पुष्कळ गावांत सामुदायिक चरक लागतो. आपली फळं न्यावीत, रस घेऊन यावा. काहीच जमण्यासारखं नसेल तर फळांच्या फोडी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढून पूर्ण वितळू द्या. पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे जाड कापडात हाताने पिळूनही बराच रस येतो. चोथा खतात टाका किंवा कुणाची कोंबडी-डुकरं असतील तर त्यांना थोडाथोडा द्या.

रस विकत आणणार असाल तर बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट घातलेला रस आंबणार नाही. क जीवनसत्त्व चालतं. पाश्चरीकृत रस आंबू शकतो, पण त्यातलं रानयीस्ट मेलेलं असतं, तेव्हा या पद्धतीला तो उपयोगाचा नाही. अमेरिकेत ‘सायडर’ म्हणून जे विकतात तो न आंबवलेला गढूळ रस असतो. शेतावरून थेट, प्रक्रिया न केलेला मिळाला तर घ्या.

भांड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्या घरांत एक खास धोका बसलेला असतो. काच, स्टेनलेस स्टील, अन्नासाठीचं प्लॅस्टिक आणि लाकूड चालतं. लोखंडाने रस काळवंडतो. तांब्या-पितळेची बिनकल्हईची भांडी आंबट पदार्थाला चालत नाहीत, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण देशातून आणलेली, चॉकलेटी-पांढरी, लोणच्याची चिनी मातीची बरणी? ती डोळ्यांसमोर येतेच. आकाराने योग्य, झाकण घट्ट, शिवाय घरची. तिच्यात सायडर लावू नका. जुन्या मातीच्या भांड्यांच्या लुकणात शिसं असू शकतं आणि सायडर महिनोन्‌महिने त्याला लागून राहते. इंग्लंडच्या डेव्हन भागात सतराव्या-अठराव्या शतकात माणसं पोटशुळाने आणि हात लुळे पडून आजारी व्हायची, मरायचीही. जॉर्ज बेकर या वैद्याने १७६७ साली दाखवून दिलं, की दोष सायडरचा नव्हता. सायडरच्या चरकांमध्ये सांधे भरायला वापरलेल्या शिशाचा होता. तेव्हा बरणी लोणच्याला राहू द्या, तीही शिसं नसल्याची खात्री असेल तरच.

मी पहिल्या वर्षी एका मोठ्या पिंपापेक्षा साडेचार लिटरचे तीन काचेचे डेमीजॉन सुचवेन. रानयीस्ट लहरी असतं. एकाच रसाचे तीन डेमीजॉन तीन वेगळ्या चवींचे निघतात. एक बिघडला तरी दोन उरतात, आणि ज्याचा वास सगळ्यांत छान, त्याच्या तळाचा साका पुढच्या वर्षीच्या रसात घालायला मिळतो. सगळं सामान सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, स्वच्छ खंगाळून, सल्फाइटच्या पाण्याने एकदा फिरवून घ्या.

रस गाळून झाला. आता दोन मोजमापं करायची. पहिलं हायड्रोमीटरने. रसाचं विशिष्ट गुरुत्व साधारण १.०४५ ते १.०६० भरतं. १.०५०चा रस पूर्ण आंबून १.०००वर आला तर मद्यार्क साडेसहा टक्क्यांच्या आसपास निघतो. १.०४५च्या खाली असेल तर थोडी साखर घालून तेवढ्यावर आणावा, कारण मद्यार्क फारच कमी असेल तर सायडर टिकत नाही. याहून वर नेण्याचा हव्यास नको.

दुसरं मोजमाप आम्लतेचं, आणि माझ्या मते या संपूर्ण लेखातलं सगळ्यांत महत्त्वाचं. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्त असतात, २.८ ते ४.६ अशा अरुंद पट्ट्याच्या घ्या. पीएच ३.२ ते ३.८च्या दरम्यान हवा. ३.८च्या वर गेला तर तो रस रानयीस्टवर सोडू नका: आधी आंबट फळांचा रस मिसळा, नाहीतर मॅलिक आम्ल लिटरला एक ग्रॅम घालून ढवळा, पुन्हा मोजा, लागलं तर पुन्हा घाला. कमी आम्लाच्या, गोड राहिलेल्या सायडरला एक खास रोग होतो. ती दुधासारखी गढूळ होते आणि तिला केळ्याच्या सालीसारखा वास मारतो. त्या जंतूला आंबट रस मानवत नाही, म्हणून आम्ल हाच त्यावरचा खरा पहारा.

सल्फाइटवरून सायडरवाल्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, नैसर्गिक म्हणजे काहीही घालायचं नाही. दुसरा म्हणतो, थोडं सल्फाइट घाला. त्याने जिवाणू आणि दुबळी यीस्ट मागे हटतात आणि मद्य सोसणारी दणकट रानयीस्ट उरतात. लाँग अॅश्टनमध्ये काम केलेले आणि हौशी सायडरवाल्यांसाठी लिहिणारे अँड्र्यू ली दुसऱ्या बाजूचे. त्यांच्या प्रचलित मोजमापाप्रमाणे पीएच ३.० ते ३.३ असेल तर दशलक्षात ५० भाग, ३.३ ते ३.५ असेल तर १००, ३.५ ते ३.८ असेल तर १५०. रानयीस्टवर करायची असेल तर याच्या निम्मं. कॅम्पडेनची म्हणजे सल्फाइटची एक गोळी साडेचार लिटरला सुमारे ५० भाग देते. म्हणजे पीएच ३.४ असेल तर एका डेमीजॉनला एक गोळी. गोळी चुरून थोड्या रसात विरघळवा आणि मग मिसळा. माझा कौल असा: पीएच ३.४च्या खाली असेल, फळ निरोगी असेल, तर काहीही न घालता करून पाहा. त्याच्या वर असेल तर निम्मं प्रमाण घाला आणि मनाला लावून घेऊ नका. पण घरात कुणाला दमा असेल तर सल्फाइटने त्रास होऊ शकतो. पाहुण्यांनाही ते आधी सांगायला हवं.

डेमीजॉन खांद्यापर्यंतच भरा. सुरुवातीला तपकिरी फेस उसळून तोंडावाटे बाहेर येतो, त्याला जागा हवी. तोंडावर सैल कापूस किंवा एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं, पाणी भरायचं बूच) लावा आणि खाली ताट ठेवा. या पहिल्या पाळीत जी यीस्ट कामाला लागतात ती सालीवरची, लिंबासारख्या टोकदार आकाराची. ती सायडरला फुलाफळांचा सुगंध देतात, पण मद्यार्क दोन-चार टक्क्यांवर गेला की त्यांना पेलत नाही. मग सॅकरोमायसिस जातीची यीस्ट पुढे येतात आणि उरलेली साखर संपवतात. रानयीस्टच्या सायडरची चव जी गुंतागुंतीची, थोडी रानटी लागते, ती या पहिल्या पाळीमुळे. ज्यांना दर वर्षी अगदी तीच चव हवी, त्यांनी सरळ पुडी घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

फेस ओसरला की तोंड पुसून घ्या, डेमीजॉन मानेपर्यंत रसाने भरा, एअरलॉकमध्ये पाणी घाला आणि १० ते १५ अंशांच्या जागी ठेवून द्या. गॅरेज, जिन्याखालची खोली, न तापवलेली पाहुण्यांची खोली. स्वयंपाकघर नको. उबेत रस भराभर आंबतो आणि सुगंध उडून जातो. थंडीत दोन-तीन महिने बुडबुडे येत राहतात, कधी मिनिटाला एक, कधी तासाला एक. एअरलॉकमधलं पाणी आटू देऊ नका. झाकण उघडून वास घेणं, ढवळणं, चाखणं हे सगळं बंद. प्रत्येक वेळी हवा आत जाते आणि हवेबरोबर व्हिनेगरचे जंतू.

या काळात कुजक्या अंड्याचा वास आला तर अनेक जण सगळं ओतून देतात. ओतू नका. यीस्टला रसात पुरेसं पोषण मिळालं नाही की गंधकाचा हा वास येतो. रस दुसऱ्या भांड्यात थोडा उडवत काढून घेतला की बहुतेक वेळा जातो. पोषण कमी असण्याचा फायदाही आहे: यीस्ट रेंगाळतं आणि थोडी गोडी मागे राहते. नॉर्मंडीत हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणतात. तिथे थंडीत, रस आंबायला लागण्यापूर्वीच, पेक्टिनचा तपकिरी थर वर तरंगू देतात आणि त्याच्या खालचा नितळ, पोषण कमी झालेला रस अलगद काढून घेतात. तो महिनोन्‌महिने सावकाश आंबतो आणि गोडसर राहतो. घरी पहिल्याच वर्षी याच्या मागे लागू नका. त्याला योग्य फळ, योग्य थंडी आणि बरंचसं नशीब लागतं.

गुरुत्व १.००५च्या खाली आलं, बुडबुडे जवळजवळ थांबले, तळाला साका बसला, की सायफनच्या नळीने वरची सायडर स्वच्छ डेमीजॉनमध्ये निथळून घ्या. नळीचं टोक नव्या भांड्याच्या तळाशी टेकवा, म्हणजे खळखळ होत नाही. पहिल्यासारखी उडवाउडवी आता नको, कारण सायडरला आता हवेपासून जपायचं आहे. भांडं काठोकाठ भरलं पाहिजे. कमी पडलं तर दुसऱ्या डेमीजॉनमधली सायडर किंवा थोडं पाणी घाला. वर दोन बोटं रिकामी राहिली तरी तेवढ्या हवेवर पांढरी, सुरकुतलेली साय धरते. ती दिसली तर अलगद काढा, भांडं भरा, कॅम्पडेनची एक गोळी घाला.

मग थांबायचं. एप्रिल-मेमध्ये सफरचंदाची झाडं फुलतात त्याच सुमाराला डेमीजॉनमध्ये पुन्हा बारीक बुडबुडे दिसू लागतात. पूर्वी सॉमरसेट-हेरफर्डकडच्या लोकांना वाटायचं, झाड फुललं की त्याच्या रसालाही जाग येते. खरं कारण ऊब आहे. १५ अंशांच्या वर काही जिवाणू मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि त्यात कर्बवायू सुटतो. ब्रॅमलीमुळे दात आंबवणारी सायडर या बदलानंतर गोलसर, मऊ होते. तो होऊ द्या. पण ज्या सायडरचा पीएच आधीच ३.८ला टेकलेला होता तिला हा बदल सोसत नाही. तिला थंडच ठेवा, सल्फाइट द्या आणि लवकर संपवा.

बाटल्या भरण्याच्या बाबतीत मी अजिबात सवलत देणार नाही. गुरुत्व १.०१० असताना, ‘छान गोड लागतेय’ म्हणून कुणी सायडर घट्ट बाटलीत भरली, तर उरलेली साखर आत आंबून शॅम्पेनइतका दाब तयार होतो. साधी वाइनची बाटली तो सोसत नाही. काच फुटून माणसं जखमी होतात. दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेली दोन मापं सारखी आली, आणि ती १.००५च्या खाली असली, तरच बाटल्या काढा. फेसाळ हवी असेल तर बिअरच्या जाड किंवा शॅम्पेनच्याच बाटल्या वापरा आणि ७५० मिलिलिटरला सपाट एक लहान चमचा साखर, त्याहून कणभरही जास्त नाही. प्रत्येक खेपेची एक बाटली सोडावॉटरच्या प्लॅस्टिक बाटलीत भरून ठेवावी. ती दाबून पाहिली की इतरांत काय चाललंय ते कळतं. दगडासारखी टणक झाली तर सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा आणि थंडगार झाल्यावरच, चेहऱ्यापासून लांब धरून उघडा. गोड सायडर आवडत असेल तर पिताना ग्लासात साखरेचा पाक किंवा ताजा रस घाला. झायलिटॉलसारखी न आंबणारी गोडी काही जण बाटलीतच घालतात. घरात कुत्रा असेल तर नको, त्याला ते विष आहे.

फेस नसलेली सायडर अर्धवट राहिलेली असते असा समज असेल तर स्पेनमधल्या अस्तुरियाकडे पाहा. तिथली नैसर्गिक सायडर बाटलीत जवळपास निपचित असते. वाढपी बाटली डोक्यावर उंच धरतो, ग्लास मांडीजवळ, आणि बारीक धार काचेच्या कडेवर आपटवून घोटभरच ओततो. आपटल्याने क्षणभर फेस येतो, सुगंध सुटतो, आणि तो घोट लगेच प्यायचा. या सायडर-संस्कृतीची नोंद युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०२४मध्ये झाली. घरी करून पाहायचं तर अंगणात करा, गालिच्यावर नको.

चव घेताना एक दोष मात्र ओळखायला शिका. सायडर तोंडात ठीक लागते, आणि गिळल्यावर काही क्षणांनी घशाशी उंदराच्या पिंजऱ्यासारखी घाण चव येते. थुंकीने आम्लता कमी झाली की तो पदार्थ जाणवू लागतो, म्हणून उशीर. काही लोकांना तो जाणवतच नाही, तेव्हा शंका आली तर दुसऱ्या कुणाला पाजून विचारा. याला उपाय नाही. ओतून द्या आणि ते भांडं दोनदा निर्जंतुक करा. सायडर तेलासारखी, तार धरून ओतली जात असेल तर ती मात्र वाचते: सल्फाइट घालून जोरात ढवळा, बसू द्या, निथळून घ्या.

आणि आंबट, नाकात चढणारा वास आला तर समजा, व्हिनेगर सुरू झालं. मागे फिरवता येत नाही, पण वायाही जात नाही. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओता, तोंडाला पातळ कापड बांधा म्हणजे चिलटं बसणार नाहीत, आणि उबेत दोन-तीन महिने राहू द्या. कोशिंबिरीला झकास लागतं. फक्त ही बरणी सायडरच्या खोलीत ठेवायची नाही, आणि तिला वापरलेली नळी, बूच, गाळणी पुन्हा सायडरला लावायची नाही.